सायलीची वही : दुसरीतल्या एका मुलीचं वाचन-लेखन

दुसरीच्या वर्गात सायलीची वही सगळ्यात नीटनेटकी होती. (नाव बदललं आहे.) अक्षर गोल, शिरोरेषा सरळ, पानाला कुठे खाडाखोड नाही. शाळा सुरू होऊन चार दिवस झाले होते. मी फळ्यावर पाच वाक्यं लिहिली आणि तिने ती सगळ्यांच्या आधी उतरवून आणली. मी म्हटलं, "छान! आता वाचून दाखव." ती वहीकडे नुसती बघत राहिली. "बरं, पहिल्या शब्दावर बोट ठेव," म्हटलं, तर तिने बोट ठेवलं ते वाक्याच्या शेवटी, पूर्णविरामावर.

त्या बोटाने मला बरंच काही सांगितलं. पहिलीत वर्षभर ही मुलगी शाळेत नियमित येत होती, रोज दोन पानं लिहीत होती आणि लिहिलेलं कुठून सुरू होतं हेच तिला ठाऊक नव्हतं. तिच्यासाठी फळ्यावरची ओळ म्हणजे एक चित्र होतं आणि ते ती फार सुंदर काढत होती.

आमची शाळा मालवण तालुक्यात, अगदी किनाऱ्यालगतच्या एका वाडीत आहे. जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा. पहिली ते चौथी मिळून 19 मुलं, त्यातली पहिली-दुसरी माझ्याकडे, एकाच खोलीत. मी मूळची सांगली जिल्ह्यातली, इथल्या भाषेत घाटावरची, आणि त्याच जूनमध्ये बदलीने इथे आले होते. हे सांगणं भाग आहे, कारण या प्रकरणातली पहिली मोठी चूक माझी आहे आणि तिचं मूळ तिथेच आहे.

सायलीचे वडील यांत्रिक बोटीवर खलाशी. आई पहाटे बंदरावर लिलावात मासळी घेते आणि बाजारात बसून विकते. घर आजी सांभाळते. धाकटा भाऊ अंगणवाडीत. वडील सातवीपर्यंत शिकलेले. आई चौथीपर्यंत, पण नंतर वाचायची वेळच न आल्यामुळे ते सुटलेलं. आजीने शाळेची पायरी चढलेली नाही.

आधी डोळे आणि कान तपासून घेतले. ग्रामीण रुग्णालयात तिला नेलं, दोन्ही ठीक निघालं. हे आधी करून घ्यायलाच हवं. फळा नीट न दिसणारं मूल वर्षभर 'लक्ष देत नाही' म्हणून बोलणी खातं.

मग वाचन कुठवर आहे ते पाहिलं. मुलांना किती वाचता येतं हे घरोघरी जाऊन तपासणाऱ्या 'असर'च्या पाहणीत 2005पासून ज्या पायऱ्या वापरतात त्याच घेतल्या : अक्षर, शब्द, सोपा परिच्छेद, गोष्ट. सुटी अक्षरं दाखवली तर सायलीला 11 ओळखता आली. शब्द एकही नाही. बाराखडी मात्र ती चालीत घडाघडा म्हणायची. 'कू' कुठलं असं विचारलं की 'क'पासून म्हणत म्हणत यायची आणि 'कू' आला की थांबायची. अधल्यामधल्या अक्षरावर बोट ठेवलं तर गप्प.

आणि हीच मुलगी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, कशी ओढतात ते मला दहा मिनिटं सांगत होती. होडी जाळं टाकत कशी फिरते, दोरीची दोन टोकं किनाऱ्यावर कोण कोण धरतं, जाळं जवळ आलं की पोरं कशी पाण्यात उतरतात, वाटे कसे पडतात. क्रम चुकला नाही, एक माणूस गाळला नाही. मला अर्ध्या शब्दांचा अर्थ लागत नव्हता, तेव्हा ती थांबून हातवारे करून समजावत होती. एवढी भाषा जवळ असलेल्या मुलाला वाचता येत नसेल, तर अडचण मुलात शोधून काही मिळत नाही.

हे तेव्हा मला कळायला हवं होतं, पण कळलं नाही. पुढचे तीन आठवडे मी तेच केलं जे तिच्याबाबत आधीपासून चालत आलं होतं. रोज मुळाक्षरांचा सराव, रोज फळ्यावरचं उतरवून काढणं. वही आणखी सुंदर झाली.

जुलैच्या मध्यावर एक दिवस पाऊस असा लागला की पत्र्याच्या आवाजात काही शिकवणंच शक्य नव्हतं. मुलांना म्हटलं, चित्रं काढा आणि येईल तसं खाली नाव लिहा. सायलीने मासा काढला आणि त्याखाली लिहिलं : मासो. मी लाल पेनाने काना-मात्रा खोडला आणि वर लिहिलं 'मासा'. ती काही बोलली नाही. वही घेऊन जागेवर गेली आणि पुढची तीन चित्रं काढली. एकाखालीही नाव लिहिलं नाही.

दोन दिवसांनी आमच्या गुरुजींनी ती वही चाळली. ते इथलेच. म्हणाले, "बाई, हिने बरोबर लिहिलंय की. आमच्यात मासोच म्हणतात."

मालवणीत मासा हा मासो असतो. ससा म्हणजे ससो, घोडा म्हणजे घोडो, कोंबडा म्हणजे कोंबो. मुलीने कानाला जे ऐकू येतं ते अचूक कागदावर उतरवलं होतं आणि मी ते तिच्या डोळ्यांदेखत खोडलं होतं. त्याहून मोठा प्रश्न वेगळाच होता. जिला एकही मात्रा ओळखता येत नव्हती, तिने 'सो' लिहिला कसा? मी तिला जवळ घेऊन विचारलं. ती उठून भिंतीवरच्या बाराखडीच्या तक्त्यापाशी गेली. 'क'वर बोट ठेवलं आणि पुटपुटत निघाली : क, का, कि, की, कु, कू, के, कै, को. 'को'वर थांबली. मग त्या 'को'च्या काना-मात्रेवरून बोट फिरवून म्हणाली, "ह्यां घेतलंय." आणि 'स' तिच्या नावातला होता.

म्हणजे तिने आवाज सुटा केला, तो 'को'मध्येही आहे हे ओळखलं, 'को'पासून खूण वेगळी काढली आणि 'स'ला जोडली. वाचायला-लिहायला शिकण्यातलं सगळ्यात अवघड काम हेच आहे आणि ते तिने कुणी न शिकवता एकटीने केलं होतं. सुरुवातीच्या लेखनात मूल जे 'चुकीचं' लिहितं त्यात त्याचा विचार दिसतो. उतरवून काढलेल्या पाच वाक्यांत सायली कुठेच नव्हती. 'मासो' या दोन अक्षरांत ती पूर्ण होती.

दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्यांसमोर मी तिला सांगितलं की तिचा शब्द बरोबर होता आणि माझं चुकलं. शब्दावरची लाल रेघ खोडरबराने निघाली नाही, म्हणून त्या चित्रावर नवा कागद चिकटवून तिलाच परत लिहायला दिलं.

तेव्हापासून शिकवण्याचा क्रम बदलला. एक कोरी वही घेतली आणि वर 'सायलीची वही' असं लिहिलं. रोज तिने एक वाक्य सांगायचं आणि ते मी तिच्यासमोर, एकेक शब्द तोंडाने म्हणत, जसंच्या तसं लिहायचं. पहिलं वाक्य होतं, "पप्पान मोठो मासो हाडल्यान." त्याखाली मी पुस्तकातल्या मराठीत लिहिलं, "पप्पांनी मोठा मासा आणला." वरचं वाक्य तिने लगेच बोट ठेवून वाचलं. वाक्य तिचंच होतं, त्यामुळे कुठल्या शब्दाची पाळी आहे हे तिला माहीत होतं आणि डोळा त्या त्या शब्दावर थांबायला शिकत होता. चौथ्या-पाचव्या दिवशी दोन्ही ओळी ताडून बघताना ती म्हणाली, "बाई, हयसर काना-मात्रा, थंयसर नुसतो कानो." ओकार आणि आकार यांतला फरक मी याहून चांगला शिकवू शकले नसते.

दुसरा बदल अक्षरांच्या क्रमात केला. आपल्याकडे 34 व्यंजनं आणि बारा स्वरचिन्हं धरली तर बाराखडीत 400च्या वर आकृत्या होतात. आधी सगळी मुळाक्षरं, मग सगळी बाराखडी, मग शब्द, असं गेलं तर मूल वर्षभर अर्थाचा एकही शब्द वाचत नाही. त्याऐवजी थोडी अक्षरं आणि एक-दोन स्वरचिन्हं एकदम घ्यायची आणि लगेच त्यांचे शब्द वाचायचे. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेने आणि पालघर जिल्ह्यात सोनाळ्याच्या क्वेस्ट या संस्थेने ही अक्षरगटांची वाट महाराष्ट्रात बरीच रुळवली आहे. मी पहिला गट सायलीच्या शब्दांतून बांधला : म, स, र, प, ण, ल आणि सोबत काना व ओकार. एवढ्यात काय काय निघालं! मासो, मासा, रापण, मोर, माल, पाल, रोप, रस, सोल, सरपण. पत्त्यांएवढे पुठ्ठ्याचे तुकडे करून त्यांवर अक्षरं लिहिली. मुलं ती जमिनीवर मांडून शब्द बनवायची. 'सरपण' तिने स्वतः जुळवलं, त्या दिवशी ते घरी जाईपर्यंत फ्रॉकच्या खिशात होतं.

भिंतीवरचा तक्ताही बदलला. आमच्या तक्त्यावर 'ख'ला खेकड्याचं चित्र होतं. किनाऱ्यावरचं मूल ते चित्र बघून कुर्लीच म्हणणार आणि मग 'ख'चा आवाज 'क' आहे असं धरून चालणार. कुर्ली 'क'खाली गेली, 'ख'खाली खळा आला. इथे घराच्या अंगणाला खळा म्हणतात आणि तो प्रत्येकाच्या दारात आहे.

रोज पंधरा मिनिटं मी मोठ्याने गोष्ट वाचायचे, ओळीखाली बोट फिरवत. शाळेतली गोष्टींची पुस्तकं लवकर संपली. तेव्हा स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरची मराठी पुस्तकं छापून घेतली. 8 सप्टेंबर 2015पासून ती सगळ्यांसाठी मोफत खुली आहेत. एकच गोष्ट आठवडाभर वाचली तर मुलं कंटाळतील अशी मला भीती होती. तिसऱ्या दिवसापासून ती माझ्याबरोबर म्हणू लागली आणि मी एखादा शब्द गाळला तर ओरडून सांगू लागली.

घरचा भाग मला शाळेपेक्षा अवघड वाटत होता. याच कोकण किनाऱ्यावर, बोर्डीला, 1945मध्ये ताराबाई मोडकांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची हे करून दाखवलं. मी निदान खळ्यात जाऊन बसू शकत होते. जुलै महिना होता, आणि इथल्या बापांना गाठायचं तर तोच महिना बरा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते आणि शाळा जूनच्या मध्यावर उघडते. म्हणजे वर्षातले जे दोन महिने वडील संध्याकाळी घरी असतात, त्यांतला दीड महिना शाळेच्या सुरुवातीला येतो. किनाऱ्यावरच्या शाळांनी पालकभेटी ऑगस्टवर ढकलू नयेत असं मला फार वाटतं.

वडील ओटीवर जाळं शिवत बसले होते. आईने आधीच हात झटकले. म्हणाली, "बाईनु, माका आता वाचूक येणा नाय. आमी काय शिकवतलंव?" शिकवायचं नाही, ऐकायचं आहे, असं मी सांगितलं. रात्री जेवणाआधी दहा मिनिटं सायलीने तिची वही वाचायची. कुणीतरी शेजारी बसून ऐकायचं, अडली तर थोडं थांबायचं, मग शब्द सांगून टाकायचा, रागवायचं नाही. वाचून झालं की विचारायचं, "मगे काय झाला?" बस्स. आजी हसली, म्हणाली, "माझ्याजवळ बसान वाचूंदे." आणि खरोखरच सगळ्यात चांगली श्रोती आजी ठरली. आजीला वाचता येत नव्हतं, त्यामुळे सायली तिला खरंच काहीतरी सांगत होती. ज्याला सगळं आधीच ठाऊक आहे अशा मास्तरांसमोर वाचणं आणि आजीला वाचून दाखवणं यांत मुलाच्या आवाजातच फरक पडतो. बदल्यात आजी गजाली, म्हणजे गप्पागोष्टी, सांगायची आणि दुसऱ्या दिवशी त्यांतलं एक वाक्य वहीत यायचं.

वडिलांनी आपणहून एक केलं. मासळीच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांचे तुकडे कापून त्यांवर मार्करने नावं लिहिली : बांगडो, सुरमय, पेडवे, सरंगो. रोज चार पट्ट्या ते जमिनीवर टाकायचे आणि "सुरमय हाड" म्हणायचे. ऑगस्टला बोटी सुटल्या, तसा तो खेळ तिने धाकट्या भावाबरोबर चालू ठेवला.

आईचा वाटा गणपतीच्या आधी अचानक सापडला. ती दोन-तीन खानावळींना उधारीवर मासळी देते आणि हिशेब तोंडी ठेवते. एका रविवारी सायली बाजारात तिच्याजवळ बसली होती. आईने म्हटलं, लिही. तिने लिहिलं : "खानावळ सुरमय 2". त्या आठवड्यात आकड्यावरून बोलाचाली झाली नाही, म्हणून पुढच्या रविवारी आईने तिला मुद्दाम नेलं. लिहिल्याने काहीतरी अडलेलं सुटतं, हे मुलीने पहिल्यांदा घरच्या माणसाच्या चेहऱ्यावर पाहिलं. माझा कुठलाही स्वाध्याय हे दाखवू शकला नसता.

गणपतीत शाळेला सुट्टी. मला वाटलं, केलेलं विसरून येईल. पण रोज दोन वेळा आरती, आणि आजीने तिच्या हातात आरत्यांचं पुस्तक दिलं होतं. आरती पाठ होतीच. म्हणता म्हणता ती ओळींवर बोट फिरवायला लागली. त्यातली जोडाक्षरं तिला येणं शक्य नव्हतं. पण प्रत्येक कडव्यानंतर जे ध्रुवपद परत येतं ते कागदावरही तसंच दिसतं, आणि दोन शब्दांत जागा सोडलेली असते, हे तिने हेरलं. सुट्टीनंतर तिच्या वहीत शब्दांमध्ये बोटभर अंतर दिसू लागलं. त्याआधी ती सगळं सलग लिहायची.

सगळं असंच सरळ गेलं नाही. गणपतीनंतर आई शाळेत आली, जरा चिडूनच. शेजारीण तिला म्हणाली होती, मालवणीच शिकवायची तर शाळेत कित्याक धाडूचा? मला तिचा राग रास्त वाटला. घरात येणारी भाषा शिकायला कुणी मूल शाळेत घालत नाही. बाहेर निभाव लागावा म्हणून पुस्तकातली मराठी आलीच पाहिजे. मी वही उघडून दोन्ही ओळी दाखवल्या आणि सायलीला दोन्ही वाचायला लावल्या. मालवणी ही चढायची पायरी आहे, तिथे थांबायचं नाही, हे आईने ऐकून घेतलं. पण तिच्या बोलण्यामुळे मी एक गोष्ट सुधारली. दुसऱ्या सत्रात खालची ओळ सायलीने लिहायची असं ठरवलं. डिसेंबरपर्यंत बोलताना मालवणी आणि लिहिताना पुस्तकातली मराठी, हा बदल ती आपणहून करू लागली. अधूनमधून 'हाडल्यान' राहून जायचं. ते मी खोडलं नाही, तिलाच विचारलं की पुस्तकात काय असतं.

ऑक्टोबर-नोव्हेंबर पहिल्या वेलांटीने खाल्ले. ती लिहायची अक्षराच्या आधी आणि ऐकू येते नंतर. सायली 'मिरची' वाचताना आधी 'इ' म्हणायची आणि मग 'म'वर अडायची. आम्ही वेलांटी दोऱ्याची केली. 'म'चं कार्ड मांडायचं, मोठ्याने 'म' म्हणायचं, मग दोरा त्याच्या अलीकडे ठेवायचा आणि 'मि' म्हणायचं. पंधरा-वीस दिवस रोज. ऱ्हस्व-दीर्घाला मात्र मी वर्षभर लाल शाई लावली नाही. बोलताना 'कि' आणि 'की' यांतला फरक मोठ्यांच्या तोंडीही धड ऐकू येत नाही. ते नियमांचं काम आहे, पुढच्या इयत्तेत होईल.

गतीबद्दलही सांगायला हवं. 5 जुलै 2021ला सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानात दुसरीच्या अखेरीस मिनिटाला 45 ते 60 शब्द समजून वाचणं अपेक्षित आहे. लक्ष्य चांगलं आहे, त्याने निदान दुसरीच्या वर्गाकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. पण सप्टेंबरमध्ये एकदा मी घड्याळ लावून तिचं वाचन घेतलं आणि ती पुन्हा अंदाजाने शब्द फेकायला लागली. मग जानेवारीपर्यंत घड्याळ बाजूला ठेवलं.

एप्रिलमध्ये तिला आधी न दाखवलेला आठ ओळींचा परिच्छेद दिला. मिनिटाला 41 शब्द झाले. दोन जोडाक्षरांवर ती थांबली, 'रात्र' दुसऱ्या प्रयत्नात आलं, 'वस्तू' आलं नाही. परिच्छेदावर चार प्रश्न विचारले, चारही उत्तरं बरोबर. निपुणच्या तक्त्यात ती अजून रेषेखाली आहे आणि तिसरीत जोडाक्षरांवर बसून काम करावं लागेल, हे मी तिच्या पुढच्या वर्षाच्या नोंदीत लिहिलं आहे.

लेखनासाठी त्या दिवशी विषय दिला नव्हता. तिने लिहिलं : "पप्पा आज आले. जाळ्यात मोरी आली होती. आजी म्हणाली मोरी नको पण आईने शिजवली. मी खाल्ली." (मोरी म्हणजे इथे शार्क मासा.) 'खाल्ली'तलं जोडाक्षर तिने कुठून घेतलं ते विचारलं, तर पुन्हा भिंतीपाशी गेली. वाढदिवसाच्या तक्त्यावर 'कल्लाप्पा' नावाचा मुलगा आहे. त्यातला 'ल्ल' तिने उचलला होता.

'सायलीची वही' आता दुसरी चालू आहे. पहिली आजीने ट्रंकेत ठेवली आहे. जूनमध्ये धाकटा भाऊ पहिलीत येतोय, आणि आजीने परवा रस्त्यात मला थांबवून विचारलं, त्याची वही शाळा देणार की त्यांनी घ्यायची?